ध्वनिहरण आणि मृताची संमती

कलावंताच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेली कृती कितपत त्याची मानावी, हा प्रश्न साहित्यव्यवहाराला नवा नाही. फ्रान्झ काफ्का १९२४ मध्ये वारला. आपली हस्तलिखिते जाळून टाकावीत ही त्याची इच्छा माक्स ब्रोडने मानली नाही, आणि विसाव्या शतकातील कादंबरीविचाराचा एक मोठा भाग ब्रोडच्या त्या आज्ञाभंगावर उभा आहे. ब्रोडचे वर्तन नैतिक की अनैतिक, या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते : हस्तलिखितातील शब्द काफ्काचे आहेत. वाद असतो तो ते प्रकट करण्याच्या अधिकाराविषयी. परंतु ज्या कलाप्रकारात मृताने मागे ठेवलेली सामग्रीच मुळात इतरांकडून उचललेली असते, त्या कलाप्रकारात हे गृहीतही टिकत नाही. हिप-हॉप संगीतातील मरणोत्तर वाद्यसंगीताचा अल्बम ही अशी जागा आहे. जिवंतांना मृताची संमती कोणी दिली, हा येथला पहिला प्रश्न. आणि त्या मृताला त्याच्या आधीच्या मृतांची संमती कोणी दिली होती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा भावविवश होऊन केली जाते, दुसऱ्याची वकिली भाषेत. हे दोन प्रश्न खरे तर एकच आहेत की काय, याचा विचार फारसा होत नाही.

हिप-हॉपमधील 'निर्माता' या शब्दाने मराठी वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. चित्रपटाच्या निर्मात्यासारखा तो भांडवल पुरवणारा नव्हे. जुन्या ध्वनिमुद्रिकांमधून एखादी सुरावट, ढोलाचा एखादा आघात, गळ्याची एखादी हरकत काढून घ्यायची, यंत्राच्या साहाय्याने तिचे तुकडे करायचे, गती बदलायची, ते तुकडे एकमेकांवर रचून फिरत्या आवर्तनात बसवायचे, हे त्याचे काम. उचललेल्या तुकड्याला 'सॅम्पल' म्हणतात, तयार झालेल्या आवर्तनाला 'बीट'. त्यावर रॅपरचे शब्द येतात किंवा येत नाहीत. ते येत नाहीत तेव्हा निर्माता हाच एकमेव कर्ता उरतो, आणि तरीही अल्बममध्ये कदाचित एकही सूर त्याने स्वतः वाजवलेला नसतो. कर्तृत्वाच्या रूढ कल्पनेची एवढी अडचण दुसऱ्या कोणत्याही आधुनिक कलाप्रकाराने केलेली नाही.

नुजाबेस या नावाने ओळखला जाणारा तोक्योचा निर्माता या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. 'सेबा जुन' हे त्याचे नाव रोमन लिपीत उलट क्रमाने लिहिले की 'नुजाबेस' होते. त्याचा जन्म ७ फेब्रुवारी १९७४ चा. डेट्रॉइटचा विख्यात निर्माता जे डिला याचाही जन्म त्याच दिवशीचा. चाहते या योगायोगाचे बरेच स्तोम माजवतात. समीक्षेला त्याचा काही उपयोग नाही. शिबुया भागात ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालवणारा, 'हाइडआउट प्रॉडक्शन्स' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढणारा, प्रसिद्धीपासून दूर राहणारा असा हा मनुष्य. 'मेटाफॉरिकल म्युझिक' (२००३) आणि 'मोडल सोल' (२००५) हे दोन अल्बम त्याच्या हयातीत निघाले. २६ फेब्रुवारी २०१० रोजी तोक्योत मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. तिसरा अल्बम, 'स्पिरिच्युअल स्टेट', डिसेंबर २०११ मध्ये सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. चौदा रचनांपैकी बहुतेक निःशब्द आहेत. उयामा हिरोतो या सहकाऱ्याचा सॅक्सोफोन त्यात ठिकठिकाणी ऐकू येतो.

या संगीतात परक्या संस्कृतींचे अंश कसे येतात, हे एका उदाहरणावरून दिसेल. 'सामुराई चाम्प्लू' या २००४ च्या जपानी चित्रमालिकेसाठी नुजाबेसने केलेल्या रचनांमध्ये 'आरुआरियन डान्स' ही एक आहे. तिच्यातील गिटार ही मूळ ब्राझीलच्या, १९४७ पासून अमेरिकेत काम करणाऱ्या लॉरिंदो आल्मेइदाची. आल्मेइदा वाजवीत आहे ते 'द लॅम्प इज लो' हे १९३९ चे अमेरिकन लोकप्रिय गीत. ते गीत मोरिस रॅव्हेलच्या १८९९ मधील पियानोरचनेवर बेतलेले, आणि रॅव्हेलच्या त्या रचनेच्या शीर्षकात एका मृत राजकन्येसाठीचे 'पवान' हे जुने दरबारी नृत्य आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये कल्पिलेला स्पॅनिश दरबार, न्यू यॉर्कचा गीतबाजार, ब्राझीलची बोटे, आणि तोक्योतील यंत्र. गीत निघाले तेव्हा रॅव्हेलला जाऊन दोन वर्षे झाली होती; आल्मेइदा १९९५ मध्ये वारला. साखळीतील प्रत्येक कडी आधीच्या मृताकडून काही घेते. गंमत अशी की शीर्षकातल्या राजकन्येविषयी आपण शोक केलेलाच नाही, असे रॅव्हेलने स्वतः सांगितले होते. शोक पुढच्या कानांनी भरला.

अशा साखळीसमोर समीक्षेच्या हाताशी एक तयार उत्तर असते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ज्यूलिया क्रिस्तेव्हाने आंतरसंहितात्मकतेची संकल्पना मांडली. संहिता ही असंख्य अवतरणांची वीण असते, तिला एक उगम नसतो, तिचे एकत्व वाचकाच्या ठिकाणी सिद्ध होते, असे मानले की सॅम्पलिंग हा अपवाद न राहता सर्व लेखनाचा उघडा पडलेला नियम ठरतो. हे उत्तर आकर्षक आहे आणि ज्ञानमीमांसेच्या पातळीवर बरेचसे खरेही आहे. पण त्यातून नैतिक प्रश्न सुटत नाही. तो उपस्थितच होऊ दिला जात नाही. 'सर्वच अवतरण आहे' असे म्हटल्यावर कोणाचे अवतरण, कोणी, कोणत्या बळावर घेतले, हे विचारण्याची सोय राहत नाही. मर्ढेकरांच्या वळणाचा रूपवादी वेगळ्या मार्गाने येथेच येऊन पोचतो. संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांनी बांधलेल्या संवेदनांची संघटना हेच जर सौंदर्य, तर ती संवेदना कोठून आली हा प्रश्न सौंदर्यबाह्य ठरतो. उगमाची अनास्था हा दोघांतला समान धागा आहे, मग एकाने ती क्रांतिकारक म्हणून मिरवली असो वा दुसऱ्याने शुद्धतेच्या नावाखाली.

संस्कृत काव्यशास्त्रात मात्र या प्रश्नाचा विचार उगमाची आठवण ठेवून झालेला आहे. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने कवींच्या उक्तींमधील सारखेपणाला 'संवाद' म्हटले आणि त्याचे तीन प्रकार केले : प्रतिबिंबासारखा, चित्रासारखा, आणि दोन देहधारी माणसांच्या सारखेपणासारखा. पहिले दोन त्याज्य, तिसरा ग्राह्य. कारण दोन माणसांचे चेहरे मिळतेजुळते असले तरी प्रत्येकाचा प्राण वेगळा असतो. यानंतर काही दशकांनी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त अकरा ते तेरा असे तीन अध्याय 'हरणा'लाच दिले. शब्दहरण आणि अर्थहरण असे भाग पाडून त्याने आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांना चौथा जोडला : 'परपुरप्रवेशसदृश'. मूळ एक, पण बाहेरचा सारा परिवार निराळा. योग्याने दुसऱ्याच्या शरीरात शिरावे तसे. हरण करणाऱ्या कवींचेही त्याने प्रकार केले. त्यांतला 'द्रावक' हा दुसऱ्याचा अर्थ असा वितळवून घेतो की त्याचे मूळ ओळखू येत नाही. सॅम्पलिंगच्या यंत्रासाठी याहून समर्पक उपमा शोधणे कठीण आहे.

परंतु 'काव्यमीमांसे'तील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग याच्या आधी येतो. राजशेखर प्रथम एक कठोर मत नोंदवतो : इतर चोऱ्या कालांतराने विरून जातात, पण वाणीची चोरी मुलांच्या आणि नातवांच्या काळातही विरत नाही. लगेच त्याखाली तो आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत देतो, आणि ते नेमके उलट दिशेचे आहे. ती हरणाची कारणे सांगते. हा कवी अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. याचे बोलणे गुळवेलीसारखे कडू, माझे द्राक्षासारखे. याच्या भाषेला कोणी मान देत नाही, माझ्या भाषेला देतात. हे जाणणारे आता उरले नाहीत. याचा कर्ता परदेशात आहे. याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. अशा कारणांनी शब्दहरणात आणि अर्थहरणात खुशाल रमावे. या उताऱ्यात उपहास किती आणि उपदेश किती, याविषयी मतभेद होऊ शकेल. उपदेश मानला तरी त्याचे मोल कमी होत नाही. कारण दहाव्या शतकातील एका विदुषीने हरणाची कारणे सांगताना गुणवत्तेचे एकच कारण दिले आणि बाकीची जवळजवळ सर्व सामर्थ्याची दिली. अप्रसिद्ध, अप्रतिष्ठित, परभाषिक, परदेशस्थ, मृत : ज्याच्याकडून घ्यायचे तो विरोध करू शकत नाही, एवढाच या यादीचा अर्थ आहे. आणि जे एकमेव गुणाचे कारण, द्राक्ष आणि गुळवेल यांचे, ते ठरवणारा घेणाराच आहे. (अवंतिसुंदरीचा स्वतंत्र ग्रंथ आज उपलब्ध नाही. तिची वाणी उरली ती इतरांनी घेतलेल्या अवतरणांतून. 'काव्यमीमांसे'च्या योजलेल्या अठरा अधिकरणांपैकीही पहिलेच हाती लागले आहे.)

ही यादी घेऊन सॅम्पलिंगकडे पाहिले की आधुनिक बचावाची बरीच वाक्ये ओळखीची वाटू लागतात. विस्मृतीत गेलेली ध्वनिमुद्रिका आम्ही शोधून काढली, तिला नवा श्रोता दिला, दोन सेकंदांच्या तुकड्याचे आम्ही सोने केले. यांतले शेवटचे वाक्य म्हणजे द्राक्ष आणि गुळवेल यांचीच नवी आवृत्ती आहे. ते खोटे आहे असे नव्हे. 'आरुआरियन डान्स' ऐकून अनेकांनी आल्मेइदाला शोधले, हे खरेच आहे. पण घेणाऱ्याने घेतलेल्याचे मोल वाढवले, एवढ्याने घेणे न्याय्य ठरत असेल तर संमती या संकल्पनेला काही अर्थच उरत नाही.

येथे काव्यशास्त्राची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. आनंदवर्धनाला शब्दांची पुनरुक्ती दोषास्पद वाटत नाही, कारण अक्षरे आणि शब्द हे सर्वांच्या मालकीचे आहेत. प्रत्यक्ष वाचस्पतीलाही नवी अक्षरे घडवता येणार नाहीत. सॅम्पल मात्र सर्वांच्या मालकीचे नसते. ते शब्दही नव्हे आणि अर्थही नव्हे. ते एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट क्षणीच्या शारीर क्रियेचा उमटलेला ठसा आहे. पर्सच्या परिभाषेत सांगायचे तर ते प्रतीक किंवा प्रतिमा नसून दर्शक चिन्ह आहे. राजशेखराच्या दोन प्रकारांत म्हणून तिसरा घालावा लागेल : ध्वनिहरण. यात 'ध्वनी' हा शब्द आनंदवर्धनाच्या पारिभाषिक अर्थाने घ्यायचा नाही, साध्या अर्थाने घ्यायचा आहे.

नुजाबेसच्या पहिल्या अल्बममधील 'द फायनल व्ह्यू' ही रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्यात युसेफ लतीफचा ओबो आहे. लतीफ डेट्रॉइटमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय अमेरिकन मुसलमान वादक. 'ईस्टर्न साउंड्स' हा त्याचा १९६१ चा अल्बम पौर्वात्य नादविश्वाच्या त्याच्या ओढीतून जन्माला आला, आणि त्यात त्याने एका चिनी फुंकवाद्याचाही उपयोग केला. पण ओबोवर तो जी सुरावट वाजवतो ती आहे 'स्पार्टाकस' (१९६०) या हॉलिवूडच्या चित्रपटातील अ‍ॅलेक्स नॉर्थची, रोमच्या बंडखोर गुलामाच्या प्रेमकथेची. गुलामांच्या वंशजाने गुलामाच्या बंडाची सुरावट पूर्वेच्या कल्पनेत बुडवून वाजवावी, आणि चार दशकांनी पूर्वेकडच्याच एका तरुणाने ती उचलावी, यात संस्कृतिसंगमाचे कौतुक करणाऱ्याला भरपूर खाद्य आहे. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की 'द फायनल व्ह्यू'मध्ये लतीफची कल्पना नाही, त्याचा श्वास आहे. ओबोच्या पात्यातून गेलेली १९६१ सालची हवा तीच आहे. राजशेखराचा योगी परकायेत शिरतो. येथे परकी काया घरात आणून बसवलेली आहे. आनंदवर्धनाची कसोटी अशी की प्राण वेगळा असेल तर सारखेपणा चालेल. ध्वनिहरणात नेमका प्राणच घेतला जातो.

कायद्याने या प्रश्नाला जे उत्तर दिले ते नैतिक भाषेत सुरू होऊन मालमत्तेच्या भाषेत संपले. १९९१ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध दिलेल्या निकालाची सुरुवातच बायबलमधील चोरीनिषेधाच्या आज्ञेने केली होती. २००५ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकन न्यायालयाने परवाना नसेल तर दोन सेकंदांचा तुकडाही घेऊ नये असे ठरवले. २०१६ मध्ये तिसऱ्या न्यायालयाने याच्या उलट भूमिका घेतली. या साऱ्यात हक्क कोणाचा मानला जातो, हे पाहण्यासारखे आहे. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधील क्लाइड स्टबलफील्डचे ढोलवादन हे हिप-हॉपमध्ये सर्वाधिक उचलल्या गेलेल्या तुकड्यांपैकी एक. कायद्याच्या दृष्टीने ढोलवादक हा रचनाकार नसल्याने त्या असंख्य उचलींचे मानधन त्याला मिळाले नाही. २०१७ मध्ये तो वारला. परवाना घेतला असता तरी तो त्याच्याकडून घेतला गेला नसता.

याच प्रश्नाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. 'ज्योती' (१९८१) या हिंदी चित्रपटासाठी बप्पी लाहिरींनी संगीत दिलेले आणि लता मंगेशकरांनी गायिलेले 'थोडा रेशम लगता है' हे गाणे २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्‌स या अमेरिकन गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' या गाण्यात वापरले गेले. लाहिरींचे नाव दिल्याखेरीज विक्री करू नये असा आदेश लॉस एंजलिसच्या न्यायालयाने दिला. पुढे मात्र गाण्यावरील हक्क आधीच इतरांकडे गेले असल्याने लाहिरींचा दावा टिकला नाही. म्हणजे कर्त्याचे नाव मान्य आणि कर्त्याचा अधिकार अमान्य. आणि ज्या आवाजासाठी तो तुकडा उचलला, त्या आवाजाचा प्रश्न या मालकीच्या भाषेत धड मांडताही येत नाही. लता मंगेशकर आणि बप्पी लाहिरी हे दोघेही फेब्रुवारी २०२२ मध्ये, काही दिवसांच्या अंतराने, वारले. आता संमती विचारायची तरी ती कागदपत्रांनाच. अवंतिसुंदरीच्या यादीतील 'परदेशस्थ कर्ता' आणि 'मान नसलेली भाषा' ही दोन्ही कारणे येथे उघड आहेत : शब्द न कळणाऱ्या श्रोत्यांसाठी त्या ओळी केवळ नादद्रव्य होत्या. मॅडलिब या निर्मात्याने २००७ मध्ये हिंदी चित्रसंगीताच्या तुकड्यांवर आख्खा वाद्यसंगीताचा अल्बम रचला, त्याच्या शीर्षकात निदान भारताचे नाव आहे. देशाचे नाव देणे आणि माणसाचे नाव देणे यांत मात्र फरक आहे.

मग तोक्योने डेट्रॉइटकडून घेणे आणि लॉस एंजलिसने मुंबईकडून घेणे हे एकाच तराजूत घालावे काय? सामर्थ्याची दिशा पाहिली तर नाही. नुजाबेसने कृष्णवर्णीय अमेरिकन संगीत घेतले, पण ते एका बलाढ्य उद्योगाने जगभर पसरवलेले संगीत होते; तो त्याचा श्रोता म्हणून वाढला, दुकानदार म्हणून जगला. सबस्टॅन्शल, पेस रॉक यांसारख्या अमेरिकन रॅपरांना त्याने सहकारी केले. सबस्टॅन्शलचा २००१ चा पहिला अल्बम नुजाबेसच्याच संस्थेने काढला. 'चाम्प्लू' हा शब्द ओकिनावाच्या बोलीतील सरमिसळीसाठीचा आहे, आणि एदो काळातील तलवारबाजांच्या कथेला हिप-हॉपचा ठेका लावणारी ती मालिका २००५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर गेली, तेव्हा तिथल्या अनेक तरुणांना आपल्याच देशात जन्मलेल्या संगीताचे एक शांत रूप जपानी व्यंगपटातून भेटले. प्रभाव एकाच दिशेने वाहत नाही हे यावरून दिसते. तरीही लतीफच्या श्वासाचा हिशेब यामुळे मिटत नाही. सामर्थ्याची विषमता असेल तर हरणाचा दोष वाढतो. ती नसेल तर दोष कमी होतो, नाहीसा होत नाही.

आता मरणोत्तर अल्बमकडे वळता येईल. 'स्पिरिच्युअल स्टेट' ऐकताना मृताचा हात कोठे थांबला आणि सहकाऱ्याचा कोठे सुरू झाला, हे कानाला उमगत नाही. जे डिलाच्या 'द शायनिंग' (२००६) या मरणोत्तर अल्बमबाबत तो सुमारे तीन चतुर्थांश पूर्ण होता आणि उरलेले काम करीम रिगिन्स या ढोलवादकाने केले, असे जाहीर सांगण्यात आले होते. ही प्रांजळता स्तुत्य आहे. पण ती श्रवणात उतरत नाही. लिखित संहितेत संपादकाला कंस घालता येतो, तळटीप देता येते. ध्वनीला कंस नसतो. म्हणून येथे पूर्ण करणारा सहकारी अपरिहार्यपणे राजशेखराचा द्रावक बनतो : त्याने जितके चांगले काम करावे तितका तो मूळ सीमा पुसून टाकतो. प्रेमाने केलेले हरणही हरणच राहते. फरक इतकाच की येथे वितळतो तो घेणारा. नाव उरते ते ज्याचे घेतले त्याचे. सॅम्पलमध्ये लतीफचे नाव जाते आणि नुजाबेसचे राहते; मरणोत्तर अल्बममध्ये हिरोतोचा वाटा नुजाबेसच्या नावात जमा होतो. दोन्ही वेळा ध्वनी एकाचा आणि नाव दुसऱ्याचे. पहिल्या प्रकाराला चोरी म्हणायचे आणि दुसऱ्याला श्रद्धांजली, हा भेद कृतीच्या रचनेवरून ठरत नाही. तो हेतूवरून ठरतो, आणि हेतू ऐकू येत नाही.

मृत्यूमुळे श्रवणात काय बिघडते, याचे उदाहरण डिलाच्याच 'डोनट्‌स'चे आहे. हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, निघाला; तीन दिवसांनी तो वारला. काटेकोर अर्थाने हा मरणोत्तर अल्बम नव्हे. पण तो ऐकला गेला मरणोत्तर म्हणूनच. रुग्णालयाच्या खाटेवर रचलेला निरोप, अशी त्याची कथा रूढ झाली आणि प्रत्येक तुटक्या आवर्तनात श्रोत्यांना शेवटचा श्वास ऐकू येऊ लागला. डॅन चार्नस यांच्या २०२२ च्या चरित्रग्रंथाने ही कथा बरीच सैल केली : बरेचसे काम रुग्णालयाच्या आधीचे होते, आणि अंतिम आकार देण्यात प्रकाशनसंस्थेच्या जेफ जँक यांचा हात होता. कथा सैल झाल्याने अल्बमचे मोल उणे होत नाही. लक्षात येते ते एवढेच, की बार्थने सिद्धांतात मारलेला लेखक प्रत्यक्षात मेला की दुप्पट अधिकाराने परत येतो. जिवंत लेखकाच्या हेतूविषयी संशय घेणारा वाचक मृताच्या हेतूविषयी निःशंक असतो.

डिलाला निदान आपल्या आजाराची जाणीव होती. 'स्पिरिच्युअल स्टेट'च्या बाबतीत हा वाचनदोष अधिक गंभीर आहे, कारण अपघात कोणाला आधी कळत नाही. शीर्षकात आणि 'प्रेअर'सारख्या रचनांत पूर्वसूचना शोधणे म्हणजे एका माणसाच्या आकस्मिक मृत्यूला आपल्या आस्वादासाठी अर्थ पुरवणे होय. रॅव्हेलच्या राजकन्येसारखा हाही पुढच्या कानांनी भरलेला शोक आहे. ही केवळ समीक्षेची चूक नव्हे. मृताला विचारता येत नसताना त्याच्या तोंडी निरोप घालणे हेही वाणीचे हरणच आहे, आणि ते करणारा निर्माता नसतो, श्रोता असतो. सॅम्पलिंगच्या नीतीची चर्चा कलावंतांपुरती ठेवण्यात श्रोत्यांची सोय आहे.

संमती मिळणे अशक्य असेल तेथे तिची जागा कशाने घ्यावी? परवाना हे उत्तर अपुरे आहे, हे स्टबलफील्डवरून दिसते. रूपांतराचे श्रेष्ठत्व हे उत्तर घेणाऱ्याच्याच हातात राहते. उरते ती एक दुर्बळ पण खरी अट : माग न पुसणे. द्रावकाने वितळवावे, पण काय वितळवले हे विचारणाऱ्याला सांगता यावे. हिप-हॉपच्या जुन्या रिवाजाला हे रुचणारे नाही. स्पर्धकाला उगम कळू नये म्हणून ध्वनिमुद्रिकेवरचे लेबल झाकण्याची पद्धत या संस्कृतीत अभिमानाने सांगितली जाते. चोरी कशी लपवावी हे जाणणारा कवीच सुखाने नांदतो, असे राजशेखरानेही म्हणून ठेवले आहे. पण श्रोत्यांनीच उभारलेल्या सूच्यांमुळे हे झाकणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. आल्मेइदाचे नाव आज सापडते ते श्रोत्यांच्या या चिकाटीमुळे.

शिंगो टू या रॅपरबरोबर नुजाबेसने २००१ मध्ये 'लव्ह(सिक)' या मालिकेची सुरुवात केली. तिचे पहिले तीन भाग त्याच्या हयातीत निघाले. चौथा, पाचवा आणि सहावा भाग मृत्यूनंतर, २०११ ते २०१३ या काळात आले. येथे जिवंत माणसाने मृताच्या ठेक्यावर शब्द रचले, आणि ते रचताना मृताला उद्देशून बोलण्याची त्याला मुभा होती. तो त्याला ओळखत होता, दोघांनी मिळून पहिले तीन भाग केले होते, आणि चौथ्याला त्याने 'हो' म्हटले असते की नाही याचा अदमास घेण्याइतका व्यवहार त्यांच्यात झालेला होता. युसेफ लतीफ २०१३ पर्यंत जिवंत होता. 'द फायनल व्ह्यू' निघाल्यापासून दहा वर्षे त्याला विचारणे शक्य होते.